खरी, खोटी, मुकी: तीन गाड्यांतले चार दिवस

‘खोटी’च्या रकान्यात मी रेघ मारली आणि मग वर पाहिलं. ट्रकची डावी चाकं डांबराखाली उतरली होती. समोर रस्त्याच्या कडेने एक बाई पाच बकऱ्या घेऊन, आमच्याकडे पाठ करून चालली होती. दिनकरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पण डोळे मिटलेले होते. काचेजवळच्या यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. आवाज येत नव्हता, कारण यंत्राच्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. फडकं मीच बांधलं होतं.

ट्रकमध्ये काटोलची संत्री होती आणि आम्ही नागपूरला कळमन्याच्या बाजारात चाललो होतो. दुपारचे अडीच वाजून गेले होते.

तिथपर्यंत आम्ही कसे पोहोचलो ते सांगते. या प्रवासाबद्दल आमच्या वस्तीत बरंच बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांपैकी एकही जण त्या गाडीत नव्हता.

मी कळमन्याच्या बाजारात एकतीस वर्षं संत्री निवडली. शाळा चौथीपर्यंत. माझी नात प्रज्ञा इंजिनीअर आहे आणि गाड्यांमध्ये बसवायची यंत्रं तपासून देणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. यावेळचं यंत्र असं होतं: समोरच्या काचेला आतून एक लहानसा कॅमेरा चिकटवलेला असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहत राहतो. ड्रायव्हरने इंडिकेटर न देता चाक पट्ट्यावर गेलं, की यंत्र ओरडतं आणि त्याचा लाल दिवा लागतो. इंडिकेटर दिला असेल तर यंत्र समजतं की माणूस जाणूनबुजून वळतो आहे, आणि गप्प बसतं. नागपूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठला हे यंत्र आपल्या सगळ्या गाड्यांमध्ये बसवायचं होतं. त्याआधी कार, बस आणि ट्रक, तिन्हींत ते कसं चालतं ते बघून लिहून द्यायचं होतं.

प्रज्ञाबरोबर जाणारी मुलगी स्कूटीवरून पडली आणि तिचा पाय मोडला. प्रज्ञा घरी आली आणि मला म्हणाली, “आजी, तुले दुपारी झोप लागत नाही ना?”

“नाही लागत.”

“अन् मोतीबिंदू काढल्यापासून दूरचं दिसते?”

“दिसते. तुह्या शर्टाची गुंडी तुटली हाये तेही दिसते.”

“मंग चल माह्यासंग. चार दिवसांचं काम हाये.”

काम रेघा मारायचं होतं. तिने मला एक वही दिली आणि तीन रकाने पाडून दिले. खरी, खोटी, मुकी. चाक पट्ट्यावर गेलं आणि यंत्र ओरडलं, तर खरी. चाक गेलंच नाही आणि तरी ओरडलं, तर खोटी. चाक गेलं आणि यंत्र गप्प राहिलं, तर मुकी. अट एकच होती. दरवेळी बाहेर चाकाकडे पाहायचं आणि मगच रेघ मारायची.

मी म्हटलं, “हे तर संत्री निवडण्यासारखंच हाये. बरं, डागी, सडकं.”

“हाव. पण संत्रं हातात घेऊन पाहत होतीस ना? तसंच पाहजो.”

शेठची स्वतःची अट मला नंतर कळली. यंत्र पास झालं की त्याचं प्रत्येक ओरडणं शेठच्या मोबाईलवर जाणार होतं. ज्याच्या गाडीत जास्त ओरडेल तो ड्रायव्हर घरी. हे मला दिनकरने सांगितलं. दिनकर शेठचा ड्रायव्हर, वय पन्नाशीच्या आसपास, बावीस वर्षं त्याच्याचकडे. कार असो, बस असो की ट्रक, तिन्ही तोच चालवणार होता, म्हणजे गाडी बदलली तरी हात बदलायला नको.

मला तेव्हाच वास आला. आमच्या बाजारात एका अडत्याने एकदा निवडणाऱ्या बायांच्या मागे शिट्टीवाला माणूस उभा केला होता. माल खराब होऊ नये म्हणून, असं सांगितलं होतं. महिन्याभरात सहा बाया कामावरून गेल्या आणि माल होता तसाच राहिला.

कार

पहिल्या दिवशी यंत्र विकणारा माणूसही आला. गोरापान, इस्त्रीचा शर्ट, हिंदीत बोलणारा. आल्याआल्या माझ्या पाया पडला आणि संत्रा बर्फीचा डबा हातात दिला. मी डबा घेतला आणि मनात नोंद केली. वही माझ्या हातात आहे हे त्याला कोणीतरी सांगितलेलं असणार.

सकाळी तर्री-पोहे खाल्ले. त्याने तर्री बाजूला ठेवायला सांगितली आणि कोरडे पोहे खाल्ले. असं पोहे खाणारा माणूस नागपुरात यंत्र विकायला का येतो, मला समजलं नाही.

गाडी कुठून न्यायची हे तोच सांगत होता. शहराबाहेरचा मोठा, नवा रस्ता. पट्टे इतके पांढरे, की परवाच मारले असावेत. दिनकरने प्रज्ञाच्या सांगण्यावरून मुद्दाम चाक पट्ट्यावर नेलं, यंत्र ओरडलं. पुन्हा नेलं, पुन्हा ओरडलं. खरीच्या रकान्यात रेघांचं कुंपण झालं.

“देखिए माताजी, एक भी गलती नहीं,” तो म्हणाला.

मी प्रज्ञाला म्हटलं, “ढिगाचा वरचा थर पाहून आम्ही कधी भाव केला नाही. वरती निवडलेलीच फळं लावतात. खालचं दाखवा.”

“म्हणजे कसं, आजी?”

“गावातला रस्ता घ्या.”

विक्रेत्याचं तोंड उतरलं, पण प्रज्ञाने ऐकलं. आतल्या रस्त्याला लागलो आणि यंत्र बिथरलं. डांबराला डांबर जोडलेली काळी चकचकीत रेघ दिसली की ओरडायचं. विजेच्या खांबाची सावली आडवी-तिडवी पडली की ओरडायचं. जिथे पट्टाच पुसून गेला होता तिथे चाक मातीत उतरलं तरी गप्प. खोटी आणि मुकी, दोन्ही रकाने भरले.

दिनकर इंडिकेटर देतच नव्हता. वळायचं असलं की खिडकीतून हात काढायचा.

“इंडिकेटर काहून देत नाही गा?” मी विचारलं.

“मावशी, इथं इंडिकेटर देला तं मागच्याले वाटते गाडी बिघडली.”

प्रज्ञा हसली. विक्रेता हसला नाही. तो म्हणाला की चूक यंत्राची नाही, ड्रायव्हरला शिस्त नाही. ते ऐकून दिनकरने स्टिअरिंग घट्ट धरलं. विक्रेता पुढच्या दिवसांत आला नाही. फोन मात्र रोज करत होता.

बर्फी मी खाल्ली. चांगली होती. रेघा बदलल्या नाहीत.

बस, उमरेड

दुसऱ्या दिवशी खाणीतल्या कामगारांची ने-आण करणारी शेठची बस रिकामी घेऊन उमरेडला गेलो. कोळशाच्या गाड्यांमागून जायचं म्हणजे तोंडावर पदर हवा. बसमध्ये यंत्र बसवलेलं होतं, पण ते निघाल्यापासून बोलायलाच तयार नव्हतं. दिनकर पट्टा ओलांडून पाहत होता, गप्प. परत ओलांडायचा, गप्प. माझ्या मुकीच्या रकान्याला पान पुरेना.

“आज बरं हाये बुवा,” दिनकर खुशीत म्हणाला. “अशीच यंत्रं बसवा म्हणा.”

उमरेडला थांबल्यावर प्रज्ञाने तारा हलवून पाहिल्या, मोबाईलवर काहीबाही पाहिलं, विक्रेत्याला फोन केला. मी खाली उतरून बसच्या तोंडासमोर उभी राहिले. काचेच्या वरच्या बाजूला ही एवढी रुंद पट्टी होती आणि तिच्यावर शेठच्या आईचं नाव, फुलांच्या नक्षीसकट. कॅमेरा नेमका त्या नावाच्या मागे बसवलेला होता. बिचाऱ्याला आतून तिथे फक्त अंधार दिसत असणार.

बसवणाऱ्याला हे दिसलं नव्हतं असं मला वाटत नाही. शेठच्या आईच्या नावाला हात कोण लावणार, म्हणून त्याने मुकाट्याने बसवलं असेल आणि काम झाल्याची सही घेतली असेल.

“खरडून टाक,” मी दिनकरला म्हटलं.

“मालकाच्या मायचं नाव? मावशी, तुमाले माह्या पोटावर पाय द्यायचा हाये काय?”

मग मीच बसच्या पुढच्या बंपरवर चढून उभी राहिले आणि ब्लेडने एक अक्षर खरडलं. एकच. नाव वाचता येत होतं. यंत्र बोलू लागलं.

तेवढ्या वेळात समोरच्या घरातली बाई हे सगळं पाहत होती. “जय भीम माय, पडशीन ना,” असं म्हणून तिने पाणी आणलं आणि आम्हाला सावलीत बोलावलं. घरात हातमाग होता आणि तिचा नवरा विणत होता. आमच्या कळमन्यात काम उभ्याने, ओरडून होतं. इथे माणूस मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि बोलत नाही. तिने सांगितलं की कोळशाची धूळ सुतावर बसते, पांढरा काठ विणायचा तर माग झाकून ठेवावा लागतो. विणता विणता नवरा मध्येच थांबला. वाकला, एक तुटलेला धागा शोधला आणि जोडला.

“तुमाले दिसलं कसं?” मी विचारलं. मला तर काहीच दिसलं नव्हतं.

“दिसत नाही, जी. मागाचा आवाज बदलते. पाय आपोआप थांबते. मंग डोया शोधते.”

“अन् धागा तुटला नसताना आवाज आला तं?”

त्याने पुन्हा विणायला घेतलं. “तसा माग म्या ठेवतच नाही. चार खेपा तसं झालं ना, तं पाय आयकनंच सोडते.”

प्रज्ञाने ते आपल्या वहीत लिहून घेतलं. मी नाही लिहिलं. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

ट्रक, काटोल

तिसऱ्या दिवशी ट्रक. मी क्लीनरच्या जागेवर बसले, कारण क्लीनरला त्या दिवसांपुरती सुट्टी दिली होती. प्रज्ञा कार घेऊन मागून येत होती. तिच्या कारमधून ट्रकच्या चाकांचं चित्रण होत होतं. मृग बहाराची संत्री उतरत होती. काटोलकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, आणि पुढे पुढे नुसता संत्र्यांचा वास.

बागेत ट्रक मागे घ्यायचा होता तेव्हा दिनकर म्हणाला, “मावशी, आता तुमीच क्लीनर. खिडकीतून मांगं पाहा. जागा असंल तं दाराच्या पत्र्यावर दोन थापा. थांबायचं असंल तं एक.”

“तोंडानं सांगतो ना.”

“तोंडाचं आयकू येत नाही. थाप येते. बावीस वर्सांत ड्रायव्हरचं बाकी काई पक्कं होवो न होवो, थापेवर पाय पक्का होते.”

मी दोन थापा मारल्या, ट्रक मागे आला. झाड जवळ आलं तेव्हा एक मारली. माझा हात पत्र्यावरून उठायच्या आत ब्रेक लागला होता. मला ते आवडलं. इतक्या वर्षांत कोणत्याही पुरुषाने माझं इतक्या लवकर ऐकलं नव्हतं.

दिनकरवरही माझा डोळा होताच. जाताना तो तीनदा लघवीला उतरला होता. पाण्याची बाटली दर थोड्या वेळाने तोंडाला. दुपारी जेवल्यावर डोळे लाल आणि तोंडात तंबाखूचा बार. मी जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला.

“काय पाहून राहिले, मावशी?”

“दारू हाये का, ते.”

“म्या आयुष्यात शिवलो नाही.” त्याने शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. “साखर हाये मले. वरीस झालं. डॉक्टर म्हणते, जेवल्यावर गाडी चालवू नको, झापड येते. आता ट्रकवाल्यानं जेवल्यावर गाडी चालवायची नाही, तं कवा चालवायची?”

“शेठले सांगितलं?”

“सांगितलं तं शेठ म्हणन, घरी बस.” मग हळू आवाजात, “तुमी सांगू नका, मावशी. पोरीचं लग्न व्हायचं हाये.”

मी म्हटलं, “मी सांगत नाही.” आणि तेव्हा खरंच सांगितलं नाही. प्रज्ञालाही नाही. तो मजूर, मीही मजूर, आणि यंत्र शेठचं. बाजू कोणती घ्यायची याचा मला विचार करावा लागला नाही.

रात्रीचा मुक्काम बागवाल्याच्या घरी झाला. तिथे एक गोष्ट वेगळी दिसली. आमच्या कळमन्यात संत्री ओतून ढीग करतात आणि मग निवडतात. ओतताना मार लागतो, मार लागलेलं फळ चार दिवसांनी आतून सडतं आणि बाहेरून मात्र चांगलं दिसतं. या बागवाल्याच्या बाया झाडाखालीच तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, बसून, एकेक फळ हातात घेऊन, देठाशी अंगठ्याने दाबून पाहत होत्या. मी त्यांच्यात बसले. एकीने माझ्याकडे पाहून विचारलं, “निवडत होते का वं तुमी?” मी पाहता पाहता पाच फळं तिच्या बऱ्या मालातून काढून बाजूला ठेवली. तिने आपली टोपली माझ्याकडे सरकवली.

परतीचा रस्ता

चौथ्या दिवशी ट्रक भरेपर्यंत दुपार झाली. खाली तणीस, वर मोकळी संत्री, मागे फाळक्याचं दार लावलेलं. बागवालीने निघताना जेवू घातलं. बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात, वरून कढत तेल, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी. तिचा गोळाभात आमच्या घरच्यापेक्षा कोरडा होता, तेलच जास्त लागलं. दिनकर नको नको म्हणत दोनदा भात घेऊन मोकळा झाला. मी पाहिलं आणि माझं ताट घेऊन उठले.

निघाल्यावर थोड्याच वेळात काम चालू असलेला रस्ता लागला. जुने पट्टे पुसलेले नव्हते आणि नवे त्यांना छेदून तिरपे गेलेले. माणसालाही कळेना कोणते मानायचे. यंत्राने आकांत मांडला. थांबेच ना. मी एकेकदा बाहेर बघून रेघा मारत होते. खोटी, खोटी, खोटी.

दिनकरच्या कपाळावर घाम आला. “मावशी, याचं एकेक बोंबलणं मोजून ठेवतीन ते. शेठ म्हणन दिनकर गाडी चालवून राहिला का नाचून राहिला?”

“मी खोटी लिहून राहिली ना.”

“डोकं फुटून राहिलं माहं. जरासं फडकं टाका ना त्याच्या तोंडावर. दिवा तं दिसतेच तुमाले.”

मागे कारमध्ये प्रज्ञा होती. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून मी विचारलं नाही. डबा बांधायचं फडकं होतं, त्याची चार पदरी घडी केली आणि यंत्राच्या आवाजाच्या जाळीवर करकचून बांधली. आवाज चिलटासारखा झाला. इंजिनाच्या घरघरीत तोही बुडाला.

काम चालू असलेला रस्ता संपला. रस्ता चांगला आला, पट्टे ठळक. मला वाटलं, आता दिवा बंद होईल. तो मधूनमधून लागत राहिला. एकदा बिथरलं की बिथरलं, असं मी धरून चालले. पायाशी एक संत्रं पडलं होतं, ते सोलत होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून लाल दिसलं की वही उघडायची, खोटीखाली रेघ, वही बंद. चाकाकडे पाहायचं मी सोडून दिलं होतं. किती रेघा अशा मारल्या ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग ती शेवटची मारली आणि गाडीला धक्का जाणवला म्हणून वर पाहिलं.

मी ओरडले. “दिनकर!” त्याची मान हलली नाही. बकऱ्या मोठ्या व्हायला लागल्या. खिडकी उघडी होती. मी अंग वळवून उजवा हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर एक थाप मारली. सगळा जोर लावून. एकच.

ब्रेक लागला. दिनकरचे डोळे तेव्हाही मिटलेले होते, हे मी शपथेवर सांगते. आधी पाय गेला, मग डोळे उघडले. त्याने डोळे उघडल्याबरोबर बाईला पाहिलं आणि स्टिअरिंग तिच्यापासून आणखी डावीकडे मारलं. ट्रक कोरड्या नालीत उतरला, एका अंगावर कलला आणि थांबला. माझं मनगट पत्र्यात आणि बांधाच्या दगडात सापडलं. मागे फाळका तुटल्याचा आवाज झाला आणि संत्री वाहायला लागली. ती बराच वेळ वाहत होती.

प्रज्ञा धावत आली. आजूबाजूच्या शेतांतून माणसं आली. त्यांनी आधी आम्हाला काढलं, मग संत्री उचलली. क्रम हाच होता, हे मी मुद्दाम लिहिते. बाकीचे लोक वेगळं सांगतात.

बकऱ्यांवाली बाई माझ्याजवळ आली. तिच्या लुगड्यावर धूळ होती, अंगाला काही लागलेलं नव्हतं.

“दिसलं नाही काय वं तुले, बुढे?”

“पाह्यलंच नाही,” मी म्हटलं.

तिला बहुतेक दुसरं उत्तर हवं होतं. ती वळली आणि एका बकरीजवळ जाऊन बसली.

वही

दवाखान्यात माझ्या मनगटाला प्लास्टर घातलं. दिनकरची छाती स्टिअरिंगवर आपटली होती, दोन बरगड्या गेल्या होत्या. मी त्याच्या खाटेजवळ गेले तेव्हा तो एकटाच होता.

“मावशी, वही कुठी हाये?”

“माह्याजवळ.”

“रेघा तशाच राहू द्या.” त्याला बोलताना दुखत होतं. “यंत्र निघाल्यापासून खोटं बोंबलत होतं म्हणा. म्हणून आपण फडकं बांधलं. गाडीचं स्टिअरिंग अडकलं असं मी सांगीन. तुमच्या वहीत खोटीच लिहिलं हाये ना? लिहिलेलं हाये. तेवढंच पुरे होते मले.”

ते खरं होतं. लिहिलेलं होतं, आणि माझ्या हाताने लिहिलेलं होतं. ते तसंच ठेवलं असतं तर यंत्र नापास झालं असतं, दिनकरची गाडी राहिली असती आणि शेठच्या बाकीच्या ड्रायव्हरांच्या मागेही शिट्टी लागली नसती. विक्रेत्याचा फोन प्रज्ञाला दोनदा येऊन गेला होता. खरं सांगितलं तर फायदा त्याचा होता, हेही मला दिसत होतं. तो माणूस मला आजही आवडत नाही.

“त्या बाईची पाठ होती रे आपल्याकडे,” मी दिनकरला म्हटलं.

“वाचली ना ते.”

“थापेनं वाचली. माह्या वहीनं नाही.”

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी प्रज्ञाने कारमधून घेतलेलं चित्रण मोबाईलवर लावलं आणि वही शेजारी ठेवली. फडकं बांधल्यापासूनच्या रेघा आम्ही एकेक करून पाहिल्या. पहिल्या तीन खऱ्याच खोट्या होत्या, काम चालू असलेल्या रस्त्यावरच्या. त्यानंतर चार होत्या. चारही वेळा ट्रकचं डावं चाक पट्ट्यावर गेलेलं मोबाईलमध्ये स्वच्छ दिसत होतं. यंत्राने चारही वेळा सांगितलं होतं. दिनकर पहिल्या वेळेपासूनच पेंगत होता.

“आजी, ही रेघ मारताना तू बाहेर पाहिलं होतं?”

“नाही.”

“ही?”

“एकही नाही. चारही न पाहता मारल्या. अन् फडकं मीच बांधलं. अन् त्याले साखर हाये, दुपारी झापड येते, ते मले कालपासून ठाऊक होतं.”

प्रज्ञा रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. तिने पेन माझ्या हातात दिलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हाताने चार रेघा खोडल्या आणि खरीखाली मारल्या. वाकड्या आल्या. पहिलीत असताना अशा येत होत्या.

तिने अहवाल असा लिहिला: कारमधलं यंत्र ठळक पट्टे असतील तिथेच भरवशाचं. बसमधलं काचेवरच्या पट्टीमुळे आंधळं. बसवणाऱ्याने ते झाकून ठेवलं. ट्रकमधलं तिन्हींत चांगलं, पण काम चालू असलेल्या रस्त्यावर ते इतकं खोटं ओरडतं, की माणूस त्याचं तोंड बांधतो. तिथे ते आपणहून गप्प बसण्याची सोय होईपर्यंत पास करू नये. शेवटचं वाक्य मी घालायला लावलं: ओरडणं शेठच्या मोबाईलवर जाणार असेल तर प्रत्येक ड्रायव्हर फडकं बांधेल. प्रज्ञा म्हणाली, हे तांत्रिक नाही. मी म्हटलं, असू दे.

विक्रेत्याला अहवाल आवडला नाही, दिनकरला आवडला नाही, शेठलाही नाही. यंत्रं अजून बसलेली नाहीत. बसणार नाहीत असं मी म्हणत नाही.

दिनकरच्या बरगड्या जुळल्या. त्याच्या साखरेचं शेठला कळलं ते माझ्या तोंडून कळलं. शेठने त्याला गाडीवरून काढलं. मी बरंच भांडल्यावर त्याला कळमन्यात गाड्या लावून घ्यायला ठेवलं. मी बाजारात गेले तर तो मला दिसतो. ट्रक मागे घेणाऱ्यांना पत्र्यावर थापा मारून वाट दाखवत असतो. माझ्याशी बोलत नाही. मीही मुद्दाम जाऊन बोलत नाही.

ट्रकमध्ये आम्ही दोघं होतो आणि रस्त्यावर ती एकटी. तिघंही जिवंत आहोत. पाच बकऱ्यांपैकी चार.